मित्रांसोबत अंदमान: आधी बोटी ठरवा, मग बाकी सगळं

कधी जायचं? डिसेंबर ते एप्रिल. दिवाळीच्या सुट्टीत स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून कुणी ग्रुपवर उड्या मारायला लागलं, तर त्याला आवरा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतच राहतात. किती जण? सहा. एका इनोव्हात मावतात आणि जेवायला कुठे जायचं यावर तासभर वाद होत नाही. मुंबई-पुण्याहून जाताना बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव 2024 पासून श्री विजयपुरम आणि हॅवलॉक बेटाचं 2018 पासून स्वराज द्वीप आहे, तेव्हा तिकिटावर दुसरं नाव दिसलं तर घाबरू नका. एवढी तयारी पुरे.

आता खरं काम: बोटींचा क्रम. बहुतेक जण आधी हॉटेलं बुक करतात, मग स्कूबा, आणि बोटी ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. नेमकं उलटं करायला हवं. हा क्रम बसवायला मलाही बराच वेळ लागला, पण आता दुसऱ्या कुठल्याही क्रमाने मी कुणाला जाऊ देत नाही.

परतीचं विमान पक्कं करा आणि तिथून मागे मोजत या. सात रात्री धरा. विमानाआधीच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये. त्याच्या आधी एक रात्र नील बेटावर, त्याआधी तीन हॅवलॉकला आणि उतरल्याची पहिली पुन्हा पोर्ट ब्लेअरला. म्हणजे बोटीचा प्रवास त्रिकोणी होतो: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर. हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरला परत येऊन मग नीलला जायचा सल्ला कुणी दिला, तर त्याने नकाशा पाहिलेला नाही एवढंच समजा.

शेवटच्या दोन रात्रींवर हमखास भांडण होतं. ‘समुद्र सोडून शहरात दोन दिवस कशाला?’ बोट रद्द होऊ शकते, म्हणून. वारा वाढला की सरकारी-खासगी सगळ्याच बोटी बंद होतात आणि त्या पुन्हा कधी सुटतील हे आपल्या हातात नसतं. सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान, असा बेत आखून देणारे एजंट भेटतील. बोट चुकली तर नव्या विमानतिकिटाचे पैसे ते देणार नाहीत. मधला मोकळा दिवस हा तुमचा विमाच आहे: बोट अडकली तर तो दिवस जातो, विमान जात नाही. शिवाय स्कूबा हॅवलॉकलाच उरकतं. पाण्याखाली गेल्यावर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जाऊ द्यावे लागतात. या क्रमात तो हिशेब वेगळा करावाच लागत नाही.

तिकिटं काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘मी उद्या सांगतो’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्यासाठी थांबू नका, उरलेल्यांची तिकिटं काढून मोकळे व्हा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच घाला. बंड्या, पिंट्या धक्क्यावर चालत नाही. सरकारी बोट स्वस्त आणि सावकाश, पण तिच्या डेकवर उभं राहता येतं. खासगी बोट झटपट जाते, मात्र बहुतेकींत एसी केबिनमध्ये बसूनच राहावं लागतं. सुट्टीच्या दिवसांत ग्रुपने सरकारी तिकिटाच्या भरवशावर राहू नये. ती जेमतेम काही दिवस आधी खुली होतात आणि बेटावरच्या लोकांना त्यांची आपल्यापेक्षा जास्त गरज असते. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, मळमळायला लागल्यावर नाही.

पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल. सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने आपण चढतोच.

हॅवलॉकला घड्याळ विसरा. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आणि हे बेट जवळपास 93 अंशांवर. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. राधानगरच्या किनाऱ्यावर तीनलाच पोहोचा. पोहायचं तर जीवरक्षक असतील तिथेच. टोकाच्या निर्जन खाडीकडे जाऊ नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत आणि 2010 मध्ये राधानगरजवळच एका अमेरिकी पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. वाळूतल्या बारीक माश्यांसाठी लांब पँट घाला. नीलवर भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या: ओहोटीला लक्ष्मणपूरची खडकाची कमान बघायची, पोहणं भरतीला.

आणि जंगल? सगळे बारातांग बेट सांगतात. माझं मत वेगळं आहे. तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहनांचे ताफे चालूच आहेत. पहाटे तीनला उठायचं, ताफ्यात लागायचं, वाटेत थांबायला मनाई आणि फोटोलाही मनाई. त्या मनाया योग्यच आहेत, पण मग काचेतून झाडं बघण्यासाठी कुणाच्या घरातून गाडी कशाला न्यायची? त्यापेक्षा त्या मोकळ्या दिवशी माउंट हॅरिएटला जा. 2021 पासून तो माउंट मणिपूर आहे. पोर्ट ब्लेअरच्या चॅथम धक्क्यावरून गाड्यांच्या बोटीने बांबू फ्लॅटला उतरा आणि वर चढा. जुन्या वीसच्या नोटेवर दिसतो तो हाच डोंगर. तिथून काळापथ्थरची पायवाट धरा (हॅवलॉकचा काळापथ्थर किनारा वेगळा, ड्रायव्हरला सांगताना गोंधळ घालू नका). गर्जन आणि पडौकची उंच झाडं, खाली ओलसर अंधार, हे तिथे पायी चालत अनुभवता येतं. पाऊस झाला असेल तर जळवा असतात, मोज्यांवर मीठ चोळून जा.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. लहान बेटांवर एटीएम मोजकी आहेत आणि तीही हमखास चालतातच असं नाही. किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळ उचलू नका, विमानतळावर बॅग तपासताना काढून घेतात आणि वर कायद्याचं झेंगट मागे लागू शकतं. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात तळाशी नको.