सेमिस्टरची पुस्तकं कशी घ्यावीत, आणि पहिले दोन आठवडे का घेऊ नयेत

“कॉलेज सुरू व्हायच्या आत सगळी पुस्तकं घेऊन टाक, नंतर मिळत नाहीत.” दर जुलैत हा सल्ला कोणी ना कोणी देतंच. मग नवी मुलं अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकबाजारात, जाऊन पाच विषयांचा गठ्ठा उचलून आणतात, आणि दिवाळी आली तरी त्यातल्या दोन पुस्तकांचं प्लास्टिक निघालेलं नसतं. पुण्यात पुस्तक मिळत नाही असं सहसा होत नाही. भलतंच पुस्तक घरी येतं, हे मात्र सर्रास होतं.

मी इंजिनिअरिंगची, त्यामुळे उदाहरणं त्यातली जास्त येतील. पण आता धाकट्या भावंडांची आणि फ्लॅटवरच्या मुलींचीही पुस्तकं घ्यायला मलाच बरोबर ओढतात. त्यात कॉमर्सवाल्या आहेत, लॉवाली आहे. थोड्याफार फरकाने गोष्ट सगळीकडे तीच.

किरकोळ कामं

टाइमटेबलचा फोटो, लायब्ररी कार्ड, डिजिलॉकरमध्ये एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात तो नंबर), पीएमपीचा म्हणजे सिटी बसचा पास. मेट्रोने जात असाल तर ‘एक पुणे विद्यार्थी पास’ काढा, तिकिटात ३० टक्के सूट मिळते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मात्र किरकोळ समजू नका. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो की डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, मागच्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप मिळत नाही, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, तेही आत्ताच बघून घ्या. फॉर्म ऑनलाइन भरून कागदपत्रं कॉलेजच्या ऑफिसात न दिल्याने पैसे अडकलेली मुलं मी भरपूर पाहिली आहेत.

पहिले दोन आठवडे: वर्गात बसा, खिशात हात घालू नका

एक लाँगबुक आणि प्रॅक्टिकलची फाइल, एवढंच विकत घ्या. बाकी वर्गात बसून नुसतं ऐका. प्रत्येक सर-मॅडमचं एक लाडकं पुस्तक असतं, ते पहिल्या चार-पाच लेक्चरमध्ये कळतंच. कळलं नाही तर सरळ विचारा, पण “सर, कुठलं पुस्तक वापरू?” असं विचारू नका. त्यावर तीन रेफरन्स बुकांची नावं मिळतात आणि तिन्ही आठशे-हजाराच्या घरातली. “सर, तुम्ही उदाहरणं कुठल्या पुस्तकातून देता?” असं विचारा. उत्तर एकाच पुस्तकाचं मिळतं.

याच आठवड्यात गेटवर खासगी क्लासची पत्रकं वाटतात. खिशात ठेवा, मागची बाजू कच्च्या कामाला चालते. वर्गात एकही तास न बसता क्लास लावणं म्हणजे ताप यायच्या आधी गोळी घेणं. गणितात खरंच अडलात तर महिन्याने लावा, तेव्हाही जागा असते. आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं की सबमिशनच्या आठवड्यात सही मिळवण्यासाठी मागे मागे फिरण्यात जो वेळ जातो, त्यात एक विषय वाचून झाला असता.

खरी मेख: पुस्तक सिलॅबसशी जुळवणं

इथे घाई करू नका. मला हे नीट जमायला बराच काळ गेला, कारण जो तो “सेकंड हँड घे, स्वस्त पडतं” एवढंच सांगायचा. कसं घ्यायचं ते कोणी सांगत नव्हतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतं. त्याला सगळे पॅटर्न म्हणतात. इंजिनिअरिंगला २०१२ चा झाला, २०१५ चा झाला, २०१९ चा झाला, आणि आता २०२४ चा आहे. नवा पॅटर्न सगळ्या वर्षांना एकदम लागत नाही. २०२४ चा पॅटर्न २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला लागला आणि तिथून दर वर्षी एक इयत्ता वर चढतोय. त्यामुळे तुमच्या पुढे एकच वर्ष असलेल्या दादाचा सिलॅबस तुमच्याहून वेगळा असू शकतो. बाजारात स्वस्तात पडलेली पुस्तकं नेमकी त्या दादाच्या बॅचची असतात. इतकं स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

फसगत होते ती नावामुळे. विषयाचं नाव तेच राहतं आणि आतले टॉपिक इकडचे तिकडे होतात. एखादं युनिट उडतं, एखादं पुढच्या सेमिस्टरला जातं, एखादं नवीनच येतं. विषयाच्या कोडवरही विसंबू नका. जुन्या पॅटर्नमधला एखादा कोड नव्यात वेगळ्याच विषयाला दिलेला सापडतो.

आणखी एक. स्वायत्त कॉलेजात असाल, म्हणजे फर्ग्युसन, व्हीआयटी, कमिन्स वगैरे, तर तुमचा सिलॅबस कॉलेजचा स्वतःचा. सीओईपी हे जुनं इंजिनिअरिंग कॉलेज तर २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठच आहे. तुमच्यासाठी मुखपृष्ठावरचं ‘पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार’ हे वाक्य काही कामाचं नाही.

मी करते ते असं. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या वेबसाइटवरून सिलॅबसची पीडीएफ घ्यायची. ती अख्खी छापायची नाही, भलीमोठी असते. आपल्या विषयाची दोन पानं तेवढी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून घ्यायची. “मोबाइलवर आहे की” असं म्हणू नका. दुकानाच्या काउंटरवर धक्काबुक्की चालू असताना एका हातात जाड पुस्तक आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन काही जुळत नाही. कागद आणि पेन्सिल हवी.

दुकानात गेल्यावर पुस्तकाची अनुक्रमणिका उघडायची आणि सिलॅबसच्या कागदावर प्रत्येक टॉपिकसमोर पान नंबर लिहायचा. सापडला नाही तर फुली. बस्स. दहा मिनिटं लागतात. काउंटरवरचे काका सुरुवातीला वैतागतात. “अहो ताई, तेच आहे सगळं, फक्त कव्हर बदललंय.” तुम्ही मान हलवायची आणि लिहीत राहायचं. एका काकांनी तर माझा कागद ओढून घेतला, दोन फुल्या पाहिल्या, आणि न बोलता माळ्यावरून दुसरी प्रत काढून दिली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

मग फुल्या कुठे पडल्या ते बघायचं. २०१९ पॅटर्नमध्ये पहिली दोन युनिटं इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरमधल्या परीक्षेला, ३० मार्कांना आणि उरलेली चार एंड-सेमला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, ७० मार्कांना. पहिल्या युनिटात दोन-तीन फुल्या असतील तर पुस्तक घ्या, तेवढं वर्गातल्या नोट्सवर निभावतं. चौथ्या-पाचव्या युनिटात फुल्यांची रांग लागली असेल तर पुस्तक परत ठेवा, निम्म्या किमतीत देत असले तरी. तुमच्या पॅटर्नची मार्कांची विभागणी वेगळी असेल तर हाच हिशेब तिच्यावर मांडा.

नुसत्या मथळ्यांवर मात्र भाळू नका. मथळा असतो आणि खाली दीड पान मजकूर, उदाहरण एकही नाही, असंही असतं. म्हणून मागच्या एखाद्या परीक्षेचा पेपर जवळ ठेवा. त्यातले तीन प्रश्न निवडा आणि त्यांची उत्तरं पुस्तकात सापडतात का बघा. तिन्ही सापडली तर पैसे काढा.

हा जुळवलेला कागद उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो. लोकल ऑथरची पुस्तकं, म्हणजे विद्यापीठाच्या सिलॅबसबरहुकूम लिहिलेली स्थानिक प्रकाशनांची पुस्तकं, वरचेवर ‘नवीन आवृत्ती’ म्हणून येतात. पुष्कळदा त्यात मागच्या परीक्षेचे पेपर जोडलेले असतात, बाकी मजकूर जशाचा तसा. पॅटर्न तोच असेल आणि फुल्या नसतील तर दोन वर्षांपूर्वीची प्रत बिनधास्त घ्या. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं छापलेलं असतं. साल नवं पण नुसतं पुनर्मुद्रण असेल तर नव्याचे जादा पैसे मोजू नका.

शेवटी प्रत तपासा. मागची पानं आहेत का, तक्ते आहेत का, मधला एखादा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) गळालाय का? पेन्सिलच्या खुणा चांगल्या, त्यांनी किंमत कमी होते आणि आधीच्या मालकाने काय महत्त्वाचं मानलं तेही कळतं. हायलायटरने अख्खी पानं पिवळी केलेली प्रत घेऊ नका, डोळे दुखतात. आणि रस्त्यावर मिळणारी जाड रेफरन्स बुकांची पातळ कागदावरची नक्कल तर नकोच. आकृत्या करड्या होऊन गेलेल्या असतात, आणि सबस्क्रिप्टमधला १ आहे की आय, ते परीक्षेच्या आदल्या रात्री ठरवत बसावं लागतं.

चौकात गाडी घेऊन जाऊ नका. मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडईला उतरा आणि चालत जा. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा, आणि गणपतीच्या आधी जा. गणपतीत संध्याकाळी त्या भागात पुस्तक घ्यायला जाणाऱ्याला काय म्हणावं?

जुनं पुस्तक अजिबात घेऊ नये असे विषय

कर आणि कायदा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हापासून जुन्या दंडसंहितेच्या पुस्तकातले कलमांचे आकडे नव्या गुन्ह्यांना लागत नाहीत. साक्ष आणि फौजदारी प्रक्रियेचंही तेच. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. कलमं नवी, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही जोडगोळी जाऊन ‘कर वर्ष’ आलेलं. तेव्हा बीकॉमच्या ताईचं टॅक्सचं पुस्तक कितीही नीट ठेवलेलं असलं तरी रद्दीत. आधी मात्र वर्गात विचारून घ्या की तुमचा पेपर कुठल्या कायद्यावर आहे, कारण सिलॅबस बदलायला कधीकधी वेळ लागतो.

उलट गणित, भौतिकशास्त्र, अकाउंट्सची मूलतत्त्वं, इतिहास, यांची जुनी पुस्तकं खुशाल घ्या. इंटिग्रेशन काही पॅटर्नप्रमाणे बदलत नाही.

फुकट किंवा जवळजवळ फुकट

कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक पेढी आहे का ते पहिल्याच आठवड्यात विचारा. बऱ्याच कॉलेजांत असते. थोडं डिपॉझिट भरलं की सेमिस्टरभरासाठी संच मिळतो. पण संच मोजके, आणि नोटीस लायब्ररीच्या दारावर चिकटवलेली, जिथे कोणी बघत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारची पुस्तक पेढी योजना वेगळी आहे, तिचीही चौकशी करा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

जाड रेफरन्स बुक विकत घेऊच नका. लायब्ररीत बसून लागेल ते प्रकरण वाचा. प्रकरणाची झेरॉक्स काढणाऱ्यांना उगाच चोर ठरवू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात शिकवण्यासाठी केलेल्या अभ्यास-संचांना मोकळीक दिली होती. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून स्पायरल मारणं मात्र वेगळं, आणि ते लोकल पुस्तकापेक्षा स्वस्तही पडत नाही. हिशेब करून बघा.

लेक्चरच्या व्हिडिओसाठी एनपीटीईएल आणि स्वयम या वेबसाइट, वाचायला आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी. कला शाखेवाल्यांनी नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयाचं सभासद व्हावं.

पैशांची फारच ओढ असेल तर विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. संलग्न कॉलेजांतही चालते, तासावर मानधन मिळतं. लायब्ररीत काम मिळालं तर सोन्याहून पिवळं, पुस्तकं आधी तुमच्याच हातात येतात.

विकणं

शेवटचा पेपर झाल्या झाल्या सगळं विकून मोकळे होणारे बॅकलॉग लागला, म्हणजे विषय राहिला, की तेच पुस्तक परत विकत घेतात. ज्या विषयाची धाकधूक आहे तो निकालापर्यंत ठेवा, बाकीचे विका. दुकानात विकताना घेतलेल्या किमतीहून बरंच कमी मिळतं, म्हणून आधी ज्युनिअरना विचारा आणि दुकानदार देईल त्याहून थोडं जास्त घ्या. दोघांचा फायदा.

तुमच्या मागच्या बॅचला नवा पॅटर्न लागला असेल तर मात्र ज्युनिअर गिऱ्हाईक नाहीत. मग तुमच्याच वर्गातले आणि वरच्या वर्गातले बॅकलॉगवाले गाठा. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा चालू असेपर्यंतच त्या पुस्तकाला किंमत आहे.