ऑनलाइन कोण वाकडं बोललं तर काय करायचं

गोव्यात चतुर्थीला घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरतीचे व्हिडिओ पडायला लागले की कोण ना कोण तरी खाली 'गातात की ओरडतात' असं लिहून जातोच. पोरीने पहिल्यांदा सगळ्यांसमोर घुमट वाजवलेलं असतं, ती दर पाच मिनिटांनी कमेंट बघत असते, आणि मग काका, मामा, शेजारी सगळे त्या माणसावर तुटून पडतात, शंभर कमेंट होतात आणि आरतीबद्दल कोणीच बोलत नाही. हे नको.

आधी बघा, माणूस ओळखीचा की परका. ओळखीचा असेल तर ग्रुपवर उत्तर देऊ नका, सरळ फोन लावा. "बाब, तुमचं ते वाचून पोर रडली हो, काढाल काय?" एवढंच म्हणा. बहुतेक जण काढतात, कारण लिहिताना समोर पोर नसते ना. आणि जत्रेत, भजनात परत तोंड बघायचंच असतं.

मराठी-कोकणीचा वाद निघाला की जास्त सांभाळा. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात काय आहे हे कोण खरंच विचारत असेल तर एकदा नीट सांगा, पण दुसऱ्या कमेंटला जो आईबापावर येतो त्याला कायदा सांगून काही उपयोग नाही, तिथेच थांबायचं. रागाने टाईप केलेलं लगेच पाठवू नका, सकाळी वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलंच तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं.

परक्याला उत्तरच देऊ नका, त्याला तेच हवं असतं. इन्स्टावर ब्लॉकच्या आधी रिस्ट्रिक्ट वापरून बघा, हे मला फार आवडतं. त्याची कमेंट त्याला स्वतःला दिसते, बाकीच्यांना तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसत नाही, आणि त्याला तसं कळवलंही जात नाही, त्यामुळे नवीन अकाउंट काढून परत येण्याची शक्यता कमी. ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर घाण मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा अधिकार तुमच्याकडे आहे, तो वापरा की, गप्प बसलात तर लोक समजतात तुम्हाला चालतं.

धमकी, पोरींचे फोटो बिघडवून टाकणं, खोटं प्रोफाइल, ही वेगळी गोष्ट. नुसत्या उर्मटपणावर 'कलम 66अ लावतो' म्हणणारे अजून भेटतात, पण आयटी कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच रद्द केलंय. धमकीवर मात्र केस होते. इथे घाईत ब्लॉक करू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, मग प्रोफाइलची लिंक कॉपी करा, कारण नाव तो बदलू शकतो, मग रिपोर्ट, आणि शेवटी ब्लॉक. पुरावा म्हणून तो फोटो वाड्याच्या ग्रुपवर फिरवू नका, त्याने त्या पोरीचाच त्रास वाढतो. तक्रार सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर ऑनलाइन करता येते, नाहीतर जवळच्या पोलीस स्टेशनवर जा, आणि पोर एकटी जायला घाबरत असेल तर तुम्ही बरोबर जा.