वजनावरून वाद घालायचा असेल तर

कराडला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. लग्नसराईत चार-पाच बायका बाकावर बसलेल्या असतात, एकीचं माप चालू असतं आणि ती हमखास विचारते, “ताई, मागच्यापेक्षा वाढलंय का हो?” मी तोंड उघडायच्या आत बाकावरून उत्तर येतं. “भात सोड.” “थायरॉइड तपासलास का?” “आमच्या जाऊबाई बघ, दोन बाळंतपणं झाली तरी कशा काटक राहिल्यात.” मग जुंपते.

माझी लेक पुण्याला आहारशास्त्र शिकली, आता एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. सुट्टीला आली की तीही काउंटरमागं बसून या भांडणात उतरते. तिच्याकडून ऐकलेलं आणि टेप धरून मला कळलेलं, दोन्ही मिळून हा वाद नीट कसा घालायचा ते सांगते. घालूच नका असं सांगून उपयोग नाही, लोक घालणारच.

सुरू करायच्या आधी खोलीत कोण बसलंय ते बघा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पूर्वी मी टेप धरायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची, माझी मदतनीस सुमन वहीत लिहायची. “छाती बेचाळीस, कंबर अडतीस, दंड साडेचौदा.” एकदा साखरपुड्याच्या ब्लाउजसाठी एक मुलगी आली, बरोबर होणाऱ्या सासूबाई. मी अडतीस म्हटलं आणि सासूबाई म्हणाल्या, “अडतीस? फोटोत वाटत नव्हतं.” सगळं दुकान हसलं. मीही हसले. ती मुलगी परत आलीच नाही, चार दिवसांनी तिचा भाऊ येऊन न कापलेलं कापड घेऊन गेला. तेव्हापासून मी आकडा तोंडातून काढत नाही, टेप गळ्यात अडकवते आणि माझी मीच लिहिते. वेळ लागतो, गर्दीत सुमन वैतागते, पण पद्धत बदलली नाही.

तर वजन का वाढतं यावर खुशाल भांडा, पण समोर बसलेल्या बाईचं अंग उदाहरणाला घेऊ नका. “आता हिचंच बघा ना” असं कुणी म्हटलं की तिथून पुढं वाद राहत नाही, एकीची उलटतपासणी सुरू होते. ती बिचारी तर नुसती ब्लाउज शिवायला आलेली असते.

मग नेमकं कशावर भांडताय ते ठरवा. तीन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात शिजत असतात. सगळ्यांचीच वजनं का वाढताहेत, हा एक. या अमुक बाईचं का वाढलं, हा दुसरा. आणि ही बाई आळशी आहे का, खादाड आहे का, हा तिसरा. पहिल्यावर बोलायला आकडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशातल्या २०.६ टक्के बायकांचं वजन जास्त होतं, २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झालं. पुरुषांचंही तसंच वर सरकलं. एवढ्या थोड्या वर्षांत रक्त बदलत नाही, आणि देशातल्या बायकांनी अचानक आळशी व्हायचं ठरवलं असंही नाही. म्हणजे आजूबाजूचं काहीतरी बदललंय: पाकिटातलं खाणं, बसून करायची कामं, रात्रीची जागरणं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती बाई आणि तिचा डॉक्टर यांनाच माहीत असेल तर असेल. तिसऱ्याचं उत्तर माझ्या टेपवर लिहिलेलं नसतं. कुणी एकातून दुसऱ्यात उडी मारली की तिथंच थांबवा. “थांबा, आपण देशाचं बोलत होतो, वैशालीचं नाही.”

“मग आजूबाजूचं सगळ्यांना सारखंच, तरी एक जाडी आणि एक बारीक का?” हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. लेकीनं मला डेन्मार्कचं सांगितलं. तिथं दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ साली छापून आला. मोठेपणी त्यांचं अंग कुणावर गेलं? जन्म दिलेल्या आईबापांवर. वाढवलेल्या आईबापांच्या जाडी-बारकीशी त्याचा मेळ बसेना, आणि ताटात वाढत होते तेच. मी हे दुकानात माझ्या पद्धतीनं सांगते. सुती अस्तर आणि सिंथेटिक अस्तर एकाच बादलीत भिजवलं तर एक आटतं, दुसरं तसंच राहतं. पाण्यानं आटलं का सुतीपणामुळं आटलं? बादली रिकामी असती तर दोन्ही जशीच्या तशी राहिली असती. बायकांना हे लगेच पटतं, कारण न भिजवलेलं अस्तर लावून प्रत्येकीचा एखादा ब्लाउज वाया गेलेला असतो.

आता भावजींकडं वळते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात, अंगानं एकदम बारीक, आणि त्यांचं म्हणणं एकच, “वहिनी, कमी खायचं, जास्त चालायचं. बाकी सगळे बहाणे.” असा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला खोटं पाडायला जाऊ नका, कारण तो खोटं बोलत नाही. खाल्लेलं आणि खर्चलेलं यांचाच तो हिशोब आहे. आधी “खरंय” म्हणा. मग विचारा, “एकीला दोन चपात्यांत तड लागते आणि दुसरीला चारानंतरही भूक का राहते?” इथं तो अडखळतो. भूक मनानं ठरवलेली नसते. चरबीतून निघून मेंदूला “पुरे” सांगणारं लेप्टिन १९९४ साली सापडलं, त्याआधी असं काहीतरी असावं असा नुसता अंदाज होता. अमेरिकेत २०१९ साली २० जणांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं. पुढ्यात मांडलेल्या दोन्ही जेवणांतली साखर, चरबी, मीठ, चोथा यांचा मेळ घातलेला होता, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. तरी कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तीच माणसं, महिन्याभरात त्यांची शिस्त काही बदलली नव्हती.

दुसरा दाखला द्यायचा असेल तर वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा द्या. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले. सहा वर्षांनी तपासलं तेव्हा त्यातले ४१ परत आले होते, आणि त्यांच्या अंगाला जेवढी ऊर्जा लागायला हवी त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जळत होत्या. शरीर कंजूष झालं होतं. भावजींनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे काही करायचंच नाही?” तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण हा डाव ओळखून ठेवा: “अवघड आहे” म्हटलं की समोरचा “अशक्य आहे” असं ऐकतो.

औषधांचं मात्र बायकांना माहीतच नसतं. स्टेरॉइड, इन्शुलिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या यांनी वजन चढतं. माझ्याकडं एका मुलीच्या परकर-पोलक्याला वर्षात तीनदा नवं माप घ्यावं लागलं, चेहरा एकदम गोल झालेला. बाकावरून “मॅगी बंद करा तिची” असा सल्ला आला. आई गप्प. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, किडनीचा आजार आहे, स्टेरॉइड चालू आहेत. बाकावर हे कसं सांगणार, आणि का सांगावं?

थायरॉइडच्या बाबतीत आपल्याच बाजूची चूक मान्य करायला लागते. लेक म्हणते, थायरॉइड कमी असल्यानं वाढलेलं वजन बहुधा थोड्या किलोंचंच असतं, वीस-वीस किलो त्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत. वादात हे आपणहून बोलून टाका. एक गोष्ट सोडली की दुसऱ्या चार गोष्टी समोरचा ऐकतो.

२०१८ च्या सुमाराला दुकानात दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: वरचेवर थोडं थोडं खा, तूप-भात सोडू नका. दोन जावा यावरून आठ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. अशा वादात कुणाच्याच बाजूनं उभं राहू नका, फक्त विचारा, “किती दिवस जमलं?” माझ्याकडं जुन्या वह्या आहेत. दोन्ही पक्षांतल्या बायकांची कंबर दोन-तीन इंचांनी उतरलेली त्यात दिसते. दोन्ही पक्षांतल्या बऱ्याच जणींचा जुना आकडा परत आलेलाही दिसतो. ज्यांचा आला नाही त्यांना मी विचारलं. त्या पथ्याचं नाव घेत नव्हत्या. एकीची सासू आता स्वयंपाकाला हात लावू देत होती, एकीची रात्रपाळी सुटली होती.

कुणी बीएमआय काढला तर घाबरू नका, त्याचा जन्म सांगा. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायची ही रीत बेल्जियमच्या केटले नावाच्या माणसाची, १८३० च्या दशकातली. तो खगोल आणि संख्याशास्त्रातला, डॉक्टर नव्हता. त्याला सरासरी माणूस शोधायचा होता, तुमच्या नणंदेची तब्येत तपासायची नव्हती. जगात २५ च्या पुढं वजन जास्त धरतात, आपल्याकडं २३ च्या पुढं जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ५८ किलो असलं की झाले जवळपास २५. आता अशा बाईला तुम्ही कुणी जाडी म्हणाल का?

आपल्याकडं आकडा खाली का आणला ते पुण्यात चांगलं कळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी बाळंसुद्धा मोजली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडचं ३.५ चं, पण वजन कमी असूनही आपल्या बाळाच्या अंगावर चरबी त्या मानानं टिकून होती, कमी भरलं ते मांस. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे मला विचारायचं की! दंडघेर दहा, मनगट काडी, आणि पोटाला टेप पुरता पुरत नाही अशा कितीतरी बायकांची मापं मी लिहिलीत. त्यांना बाकावरून कुणी काही बोलत नाही.

म्हणून वाद आरोग्याचा आहे असं कुणी ठासून म्हणालं तर काट्याऐवजी टेप पुढं करा. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा. ब्लाउजची कंबर वेगळी, ती वर असते. साडीच्या निऱ्या सोडायच्या, टेप आवळायचा नाही, आणि श्वास सोडल्यावर आकडा बघायचा. टेप लावला की सगळेच पोट आत घेतात. बायकांना ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांना ९०, म्हणजे साडेपस्तीसला थोडं कमी. त्याच्या पुढं गेलं तर साखर तपासून घ्यावी. जाड-बारीक सगळ्यांनीच.

आपल्या बाजूनं बोलणारेही कधी भलतीकडं जातात. “वजनाचा तब्येतीशी काही संबंध नाही,” असं मायेपोटी म्हणतात. संबंध आहे. गुडघे, साखर, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं. माझेच गुडघे मला सांगतात, मी ७४ किलोची आहे. हे कबूल करूनही टोमण्यांच्या विरोधात बोलता येतं, कारण टोमण्यांनी वजन उतरत नाही. अमेरिकेत सहा हजारांवर लोकांना चार वर्षांच्या अंतरानं विचारलं, तर आधी लठ्ठ नसलेल्यांपैकी वजनावरून हिणवल्या गेलेल्यांना पुढं लठ्ठपणा येण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. “काळजी वाटते म्हणून बोलते” असं कुणी म्हटलं तर विचारा, तिचा गुडघा दुखतो हे तुम्हाला माहीत होतं का? आणि हे तुम्ही तिला एकटीला गाठून बोलाल का, का बाक भरलेलाच लागतो?

उलट बाजूनंही जपा. एका बाईचा ब्लाउज मी वर्षात तीनदा आत घेतला. प्रत्येक वेळी बाकावरून वाहवा, “काय बारीक झालीस, आम्हालाही सांग की!” ती कसंनुसं हसायची. टीबी होता. मी तेव्हापासून कुणाला बारीक झालात असंही म्हणत नाही. “बरं आहे ना?” एवढंच विचारते.

हाताशी दोन-तीन वाक्यं ठेवा, ऐन वेळी सुचत नाहीत. लग्नात कुणी “अगं, किती सुटलीस!” म्हटलं तर “हो आत्या, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं?” एवढ्यावर बहुतेक आत्या स्वतःच्या ऑपरेशनकडं वळतात. दुसऱ्या कुणावर चाललं असेल तर “जेवायची पंगत बसलीय, चला.” थोरल्या माणसांशी तत्त्वावर भांडू नका, विषयच उचलून दुसरीकडं ठेवा. बरोबरीच्यांशी भांडा. आणि ताटावर बसलेल्या माणसासमोर कॅलरी मोजायच्या नाहीत, मग वाद कितीही रंगात आलेला असो.

शिवताना मी आता प्रत्येक ब्लाउजला दोन्ही बाजूंनी एक-एक इंच जादा माया ठेवते. कापड थोडं जास्त लागतं. उसवून परत शिवायला पैसे घेत नाही, का वाढलं तेही विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी भावजींना साखर निघाली. ६१ किलोचा माणूस. घरातलं कुणी त्यांना “कमी खा” म्हणालं नाही, सगळे म्हणाले, “अरेरे, तुम्हाला कशी काय?” मागच्या महिन्यात दुकान बंद करताना ते आत आले, सुमन गेलीय का बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, तो टेप जरा लावा.” शर्ट वर धरून उभे राहिले, पोट आत. मी म्हटलं, “श्वास सोडा.” त्यांनी सोडला. मी आकडा बघितला आणि वही उघडली.