घरी जॅझ पियानो रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

१९९८ साली जॅझ पियानोवादक किथ जॅरेट घरी बसून होता. दोन वर्षांपूर्वी त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोमने, म्हणजे सततच्या प्रचंड थकव्याच्या आजाराने गाठलं होतं. एकट्याने अख्खी मैफल पेलणारा हा माणूस एका वेळी काही मिनिटांपलीकडे वाजवू शकत नव्हता. न्यू जर्सीतल्या घरी, स्वतःच्या स्टाइनवे पियानोवर, अंगात बळ असेल तेवढं तो वाजवून ठेवायचा. पत्नीला नाताळची भेट द्यायची होती. तेच रेकॉर्डिंग १९९९ मध्ये 'द मेलडी अ‍ॅट नाइट, विथ यू' या नावाने ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणलं. त्यात कसरत नाही, धावपळ नाही. जुन्या गाण्यांच्या चाली आहेत, आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं इतक्या हळू वाजवलेल्या आहेत.

ते ऐकलं आणि मी माझ्या अपराइट, म्हणजे उभ्या पेटीच्या पियानोसमोर माइक लावला. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला त्यांचे घरचे टेक, म्हणजे एका दमात केलेली रेकॉर्डिंग पाठवतात, मीही आवडीने ऐकते. त्यात दोन प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. काही जण 'घरचंच तर आहे' म्हणून कशाकडेच लक्ष देत नाहीत. काही जण उलट इतकी साफसफाई करतात की घरच पुसलं जातं. पहिली चूक पुढच्या टेकला सुधारता येते. दुसरीत हातात आलेली चांगली गोष्ट जाते, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते.

फोन थेट पियानोवर ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पियानोचं सगळं लाकूड थरथरत असतं आणि ती थरथर फोनच्या अंगातून माइकपर्यंत पोचते. मग खालच्या सुरांना ढब-ढब असा आवाज येतो. फोन वेगळ्या स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर खुर्चीवर उशी, उशीवर फोन. जागा कुठली? वाजवणाऱ्याच्या खांद्यामागे, कानाच्या उंचीवर, दोन-तीन फुटांवर. ऐकणाऱ्याला आपण शेजारी बसलोय असं तिथूनच वाटतं. अपराइट असेल तर वरचं झाकण उघडा आणि पियानो भिंतीपासून हातभर पुढे ओढा, कारण भिंतीला चिकटलेल्या अपराइटचे खालचे सूर घुमतात.

फोनचं शहाणपण चालू ठेवणं

तक्रार अशी असते: 'कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) वाजवला की तो विरण्याऐवजी मोठा होत जातो' किंवा 'शेवट कापल्यासारखा वाटतो.' यात पियानोचा दोष नाही. फोनचं अ‍ॅप बोलण्याचा आवाज टिपण्यासाठी बनवलेलं असतं. आवाज कमी झाला की ते आपणहून तो वाढवतं, आणि बारीक आवाजाला गोंगाट समजून खाऊन टाकतं. पियानोचं सगळं सौंदर्य त्या बारीक आवाजात असतं.

एकदा रात्री, सगळं निजल्यावर, पेडल दाबून डावीकडचा एक कॉर्ड वाजवा आणि हात मांडीवर ठेवा. पहिला ठोका सरल्यावर ज्या तारांना तुम्ही हातही लावलेला नाही, त्या गुणगुणायला लागतात. सूर पातळ होत जातो, मध्येच किंचित डोलतो. तो संपला असं वाटल्यावरही थोडा शिल्लक असतो. मग पाय उचला. नमद्याच्या गाद्या तारांवर एकदम टेकतात आणि हलकासा 'हुश्श' असा आवाज येतो. पियानोच्या इतकं जवळ बसलेल्यालाच हे ऐकू येतं, सभागृहातल्या दहाव्या रांगेत ते पोचत नाही.

म्हणून नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन दोन्ही बंद करता येतील असं अ‍ॅप घ्या आणि फाइल वेव्ह (WAV) प्रकारात ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी हाताने लावा. गाण्यातला सगळ्यात जोराचा तुकडा वाजवून बघा, तेव्हाही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

खोली चांगली नाही म्हणून थांबणं

रेकॉर्डिंग इंजिनियर रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आई-वडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये त्याने वेगळा स्टुडिओ बांधला, तोवर ब्लू नोट आणि प्रेस्टीज या जॅझ कंपन्यांच्या कितीतरी रेकॉर्ड त्या दिवाणखान्यात झाल्या. पियानोवादक थेलोनियस मंकच्या एका रचनेला त्या गावाचं नावच आहे.

आपल्या फ्लॅटमध्ये अडचण टाइल्सची आणि मोकळ्या भिंतींची असते. पुस्तकांचं कपाट, जाड पडदे, भिंतीला उभी केलेली गादी, खाली सतरंजी, एवढ्यावर बरंच काम होतं. फक्त सगळीकडे गाद्या लावून खोली मुकी करू नका. पंखा मात्र बंदच हवा. त्याच्या पात्यांनी लांब सुराला कापरं भरतं, आणि ते नंतर निघत नाही.

श्वास, स्टूल आणि पेडल: सगळ्यावर एकच कात्री चालवणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जॅरेट वाजवताना गुणगुणायचा, पियानोवादक बड पॉवेलचाही आवाज रेकॉर्डमध्ये ऐकू येतो. पियानोवादक आर्ट टेटमचं १९५५ मधलं एक रेकॉर्डिंग हॉलिवूडचे संगीत दिग्दर्शक रे हाइनडॉर्फ यांच्या घरच्या पार्टीतलं आहे. त्यात माणसं जमलेली आहेत हे कळतं, आणि टेटम त्यांच्यासाठी वाजवतोय हेही. पुढच्याच वर्षी तो गेला. त्या माणसांचा आवाज पुसला असता तर किती मोठं नुकसान झालं असतं!

आपल्याकडच्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. खासगी बैठकीच्या जुन्या कॅसेट आपण जिवापाड जपतो, आणि त्यातला कपबशीचा आवाज किंवा पुढच्या ओळीतली दाद कुणाला नकोशी होत नाही. जॅझला तोच कान लावा.

पण पेडल करकरत असेल तर ते 'घरगुतीपण' नव्हे, ती दुरुस्ती आहे. ट्यूनरला सांगा. स्टूलचा ढिला स्क्रू आवळा. बूट काढून वाजवा, म्हणजे टाचेचा ठोका येणार नाही. माझी कसोटी साधी आहे. तो आवाज संगीताबरोबर येतो का? कठीण वळणाआधी घेतलेला श्वास त्या वळणाचाच भाग असतो, तो राहू द्या. दर दोन मात्रांनी येणारी करकर संगीताशी काही नातं सांगत नाही.

पियानो बेसूर ठेवून त्याला 'कच्चा गोडवा' म्हणणं

थोडा जुना, मऊ पडलेला सूर सुंदर वाटतो हे खरं. पण एकाच स्वराच्या तीन तारा आपसात भांडत असतील तर जॅझमधले दाट कॉर्ड चिखल होतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो आणि मधल्या पट्टीचे सूर चढतात, हवा कोरडी झाली की उतरतात. जमलं तर पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर ट्यूनिंग करून घ्या आणि रेकॉर्डिंग त्यानंतरच्या दिवसांत ठेवा.

एवढं करूनही पियानो साथ देत नसेल तर त्याला वळसा घालून वाजवा. २४ जानेवारी १९७५ ला जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये जॅरेटसमोर चुकीचा, छोटा, सरावाचा पियानो आला होता. वरचे सूर किरटे, खालच्यांना दम नाही. तो बराच वेळ मधल्या पट्टीत राहिला आणि डाव्या हाताची तीच तीच आवर्तनं फिरवत गेला. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग सोलो पियानोच्या सगळ्यात जास्त खपलेल्या रेकॉर्डमध्ये गणलं जातं. तुमच्या पियानोचा वरचा सप्तक कर्कश असेल तर त्या दिवशी तिकडे जाऊ नका, इतकंच.

सगळं एका मापात बसवणं

सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाची सोय असते, ती प्रत्येक सूर घड्याळाच्या काट्यावर नेऊन बसवते. जॅझच्या स्विंगमध्ये जोडीतला पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड असतो. हे प्रमाण ठरलेलं नाही, लय वाढली की दोन्ही सूर बरोबरीकडे सरकतात. वाजवणाऱ्याची ओळख तिथेच असते, तिला मापात बसवू नका. एकट्याने संथ गाणं वाजवताना कानात मेट्रोनोमही नको. त्याच्यासोबत रियाज खुशाल करा.

पाच टेकमधले चांगले तुकडे जोडण्याचा मोह मलाही होतो. पण दुसऱ्या टेकमध्ये हात तापलेले असतात, चौथ्यात मन थकलेलं असतं, आणि जोड कानाला कळला नाही तरी गोष्ट तुटते. एक चुकलेला सूर असलेला अखंड टेक निवडा. वरून मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) चढवू नका.

डिजिटल पियानोची केबल थेट जोडून मोकळं होणं

केबलमधून येतो तो बहुतेकदा आधीच कुणीतरी छान स्टुडिओत टिपून ठेवलेला आवाज. त्यात तुमची खोली नसते. केबलचा आवाज घ्याच, पण शेजारी एक माइक ठेवून पट्ट्यांचा लाकडी टकटकाट आणि तुमचा श्वास वेगळा टिपा आणि अगदी थोडा मिसळा. फरक लगेच जाणवतो.

पाठवताना आणि साठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलंत तर इतका वेळ जपलेला तो विरणारा सूर तिथेच मरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सुरुवात आणि शेवट घट्ट कापू नका, आधीची दोन सेकंदांची शांतता राहू द्या आणि शेवटच्या कॉर्डनंतर मनात दहा आकडे मोजूनच रेकॉर्डर थांबवा. मूळ फाइल कधीच पुसू नका. तिच्या नावात तारीख, खोली, माइक किती फुटांवर होता आणि खिडकी उघडी होती की बंद, एवढं लिहून ठेवा.