मिरजेहून कोनाला डीटीएसला निघताना

हवाईतल्या कोनाला यूथ विथ अ मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या डीटीएसला, म्हणजे शिष्यत्वाच्या प्रशिक्षणाला, निघालात? स्वेटर घरीच ठेवा, मेतकूट मात्र घ्या. साधारण 12 आठवडे वर्ग, मग आउटरीच, म्हणजे बाहेर जाऊन सेवा आणि सुवार्ताप्रसार. रोज कामाची पाळीही असते. माझ्याकडे भांडी आली. पहिल्या संध्याकाळी साबणाच्या पाण्यात हात बुडवले आणि घरच्या आठवणीनं डोळे भरून आले. मग एकेक ताट धुताना त्यात जेवलेल्यासाठी प्रार्थना करू लागले. तुम्हीही करून बघा, हात हलके होतात. मराठी बायबल हवंच, मन आपल्याच भाषेत मोकळं होतं. घरी फोन तिथल्या शनिवारी दुपारी साडेचारला लावा: मिरजेत तेव्हा रविवारचे सकाळचे आठ वाजलेले असतात, आई चर्चला निघायच्या आत सापडते.