निखळलेला पंख पुन्हा बसवताना

टेक्सासमध्ये राहून मी बांधलेले 10 सेंटिमीटर व्यासाचे रॉकेट पहिल्या उड्डाणानंतर पॅराशूटने व्यवस्थित उतरले खरे, पण जमिनीला टेकताना त्याचा एक पंख मुळापासून निखळला. तो उलटून पाहिला, तेव्हा इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा कडक गोंद) अखंड होते आणि त्याला पुठ्ठ्याच्या नळीवरचा गुळगुळीत कागदी पापुद्राच चिकटून आला होता.

म्हणजे गोंद नव्हे, नळीचा वरचा कागदच सुटला होता. म्हणून मी नळीला 120 अंशांच्या अंतराने तीन उभ्या खाचा पाडल्या आणि 6 मिलिमीटर बर्च प्लायवुडचे नवे पंख असे कापले, की त्यांची जीभ खाचेतून आत जाऊन थेट आतल्या, मोटर बसवायच्या अरुंद नळीला टेकेल व वरच्या थराचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर राहतील. चिकटवण्याच्या सगळ्या जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासल्या. मोटरची नळी बाहेरच्या नळीच्या मधोमध धरणारी मागची चकती मुद्दाम शेवटी बसवली, कारण ती आधी लावली असती तर आतल्या सांध्यांत इपॉक्सी भरायला हातच पोहोचला नसता. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी मी येथे वापरणार नाही; सावकाश सुकणारे घेतले आणि प्रत्येक सांधा रात्रभर आडवा ठेवला.

पुढच्या खेपेस रॉकेट दगडावर उतरले, तेव्हा फक्त रंगाचा टवका उडाला.