उन्हाळ्यात घरी वाइन कशी ठेवावी

नाशिकची शेनँ ब्लाँ (पांढरी वाइन) किंवा शिराझ (रेड वाइन) आणलीत की शोकेसमध्ये मांडू नका. वाइनला १२ ते १५ अंश मानवतात. एप्रिल-मेमध्ये खोली ३५च्या पुढे गेली की आतली वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं आणि चव शिजवलेल्या फळासारखी लागते. उन्हाळाभर सरळ फ्रिजच गाठा. बुचाची बाटली आडवी ठेवा, नाहीतर बूच सुकून हवा आत शिरते. फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

रेड पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. ‘रेड रूम टेंपरेचरला प्या’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी, आपल्यासाठी नव्हे!

उरलेली वाइन लगेच छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकते. व्हिनेगरसारखा वास आला तर स्वयंपाकातही घालू नका.